गाडीचा दम कुठे गेला?

आमच्या थोरल्या भावाच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी कारखान्यातली कंत्राटी नोकरी सोडली आणि एक जुनी, 2016 सालची सात आसनी डिझेल गाडी घेतली. कल्याणहून नाशिक, शिर्डीची भाडी मारायची आणि महिन्याच्या महिन्याला हप्ता भरायचा, असा त्याचा बेत. फायनान्सच्या कागदावर जामीनदार म्हणून माझी सही आहे. कारकुनाच्या सहीला बाजारात फारशी किंमत नसते; पण हप्ते थकले तर वसुलीवाले पहिले त्याच्याच दारात उभे राहतात. त्यामुळे त्या गाडीच्या प्रकृतीची विचारपूस मी घरातल्या माणसासारखी करत आलो आहे.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री कसारा घाटातून त्याचा फोन आला. "काका, गाडी चढत नाही. रेस पूर्ण दाबली तरी तीसच्या वर जात नाही. मागून काळा धूर येतोय."

गाडीत शिर्डीला निघालेले सात जण होते. समोर इंजिनाची पिवळी लाइट लागलेली. गाडी बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ बरी चालायची. चढ लागला की पुन्हा तेच. तीन तास उशिरा त्याने माणसे पोचवली. त्यांनी भाड्यातले पैसे कापून घेतले. रागावून बोलले ते वेगळेच.

सोमवारी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथे कंप्युटर लावला. एका चिठ्ठीवर "पी-0299" असा आकडा लिहून दिला आणि सांगितले, "टर्बो गेला. नवा टाकावा लागेल. मजुरीसकट अठ्ठावन्न हजार."

त्या रात्री घरात कोणी धड जेवले नाही. दादा तर पहिल्यापासूनच नोकरी सोडण्याच्या विरुद्ध; पण त्या दिवशी ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि पोराला तेच जास्त लागले. वहिनींनी कपाटातून पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी म्हटले, "वहिनी, त्या आधी आत ठेवा." दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या पतपेढीतला कर्जाचा फॉर्म आणला. निम्मा भरलाही. "कर्जाचे कारण" या रकान्यापाशी आलो आणि हात थांबला. पुतण्याला विचारले, "टर्बो खोलून बघितला का त्यांनी?"

"नाही काका. कंप्युटरने सांगितलं म्हणाले."

मी बी. कॉम. झालेला माणूस. मोटारीतले मला काही कळत नाही; पण हिशेबातले थोडेफार कळते. संध्याकाळी रोकड मोजताना नऊशे रुपये कमी भरले, तर कॅशबुक एवढेच सांगते की नऊशे कमी आहेत. ते कोणी नेले, की बेरीज चुकली, की एखादे व्हाउचर नोंदवायचे राहिले, हे कॅशबुक सांगत नाही. रोकड कमी दिसली म्हणून पहिल्या झटक्यात कॅशियरला घरी पाठवणारा साहेब आपण शहाणा म्हणत नाही. मग कंप्युटरच्या एका आकड्यावरून अठ्ठावन्न हजारांचा टर्बो कसा बदलायचा?

आमच्या चाळीत एक मामा राहतात. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे मिस्त्री होते, आता निवृत्त आहेत. त्यांना चिठ्ठी दाखवली. चष्मा वर करून ते म्हणाले, "भाऊसाहेब, याचा अर्थ टर्बो गेला असा नाही. इंजिनाला जेवढ्या दाबाची हवा पाहिजे होती, तेवढी मिळाली नाही, एवढाच याचा अर्थ. ती का मिळाली नाही, ते आपण शोधायचं."

रविवारी सकाळी पाऊस उघडला तेव्हा गाडी चाळीपुढे उभी केली. मामांनी पाना हातात घेण्याआधी पोराला पायरीवर बसवले आणि टर्बो म्हणजे काय ते समजावले. ते मी इथे माझ्या शब्दांत सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

इंजिन हवा ओढते आणि त्या हवेत डिझेल जाळते. दोन लिटरचे इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला साधारण 2000 लिटर हवा ओढते. इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तशा दोन टाक्या भरून हवा, तीही एका मिनिटात. आता जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल जाळले पाहिजे, आणि त्यासाठी जास्त हवा पाहिजे. इंजिन तर तेवढेच. म्हणून हवा दाबून भरायची. हे काम टर्बो करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या जोरावर एक छोटी पात्यांची चक्री फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी चक्री असते. ती बाहेरची हवा ओढते, दाबते आणि इंजिनाकडे पाठवते. लहान गाड्यांतले टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतात. डिझेलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा धुरावाटे वाया जातो. त्यातलाच थोडा परत कामाला लावायची ही युक्ती. स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली तिचे पेटंट घेतले. पुढे ती जहाजांत, रेल्वे इंजिनांत, विमानांत वापरली गेली. विक्रीच्या मोटारींत टर्बो आला तो 1962 साली अमेरिकेत, आणि डिझेल मोटारीत 1978 साली.

दाबलेली हवा तापते. तापलेली हवा विरळ होते आणि मग दाबण्याचा फायदा कमी होतो. म्हणून ती आधी पुढच्या बंपरमागे असलेल्या इंटरकूलरच्या जाळीतून नेऊन थंड करतात आणि मग इंजिनात सोडतात. म्हणजे हवेचा रस्ता असा: एअर फिल्टर, टर्बो, जाड होज पाइप, इंटरकूलर, पुन्हा होज पाइप, इंजिन. मामांनी पोराला हा क्रम तीन वेळा म्हणायला लावला. "हा रस्ता पाठ असला की गळती सापडते. हवा फिल्टरपासून निघाली आणि इंजिनापर्यंत पोचली नाही, तर मधे कुठेतरी वाट फुटलीय."

मला हे लगेच पटले. फिल्टरच्या पुढे एक मोजणी करणारा सेन्सर असतो. किती हवा आत आली ते तो लिहून घेतो. पुढे होज फाटला असेल, तर ती हवा बाहेर निसटते; पण नोंद झालेलीच असते. आवक बारनिशीत मालाची नोंद झाली, माल मात्र गोदामात पोचलाच नाही! इंजिन नोंदीवर भरवसा ठेवून डिझेल सोडते, हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळते, आणि मागून काळा धूर निघतो.

मग तपासणी सुरू झाली. मामांचा नियम साधा होता. आधी फुकटात होणारी तपासणी, मग स्वस्त, आणि सर्वांत शेवटी महाग.

पहिली तपासणी आकड्यांची. पुतण्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये हजार रुपयांच्या आत मिळणारा छोटा अडॅप्टर लावला आणि मोबाइलवर आकडे दिसू लागले. मामा म्हणाले, "कोड पुसू नको. आधी सगळं वहीत लिही. पुसला तर पुरावाच गेला." इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, तेव्हा दाब 100 किलोपास्कल दिसला. म्हणजे एक बार. समुद्रसपाटीजवळ मोकळ्या हवेचा दाब तेवढाच असतो. याचा अर्थ दाब मोजणारा सेन्सर निदान खोटे बोलत नव्हता. मग महामार्गावरच्या उड्डाणपुलाच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण दाबून पाहिले. गाडी पोरगा चालवत होता, आकडा मी वाचत होतो. त्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे तिथे साधारण 210 यायला हवे होते. आले 140.

दुसरी तपासणी एअर फिल्टरची. पंधरा दिवसांपूर्वीच सर्व्हिसिंगमध्ये नवा टाकला होता. स्वच्छ निघाला.

तिसरी तपासणी टर्बोच्या नाडीची. टर्बो किती दाब करायचा हे एक डबी ठरवते. तिला ॲक्चुएटर म्हणतात. या गाडीत ती व्हॅक्यूमवर चालते. काही गाड्यांत ती दाबावर किंवा विजेवर चालते. तिची बारीक रबरी नळी तडकली, तरी टर्बो ठणठणीत असून काम करत नाही. मामांनी ओळखीच्या मिस्त्रीकडून हातपंप आणला होता. नळीला लावून ओढले, तेव्हा डबीची काडी न अडखळता सरकली आणि पंपाचा काटा जिथल्या तिथे उभा राहिला. ही बाजू साफ होती.

चौथी तपासणी खुद्द टर्बोची, इंजिन पूर्ण गार असताना. आत जाणारा पाइप काढून मामांनी चक्रीचे टोक बोटांत धरले. बाजूला किंचित हलले. "एवढं चालतं." पुढे-मागे ओढून पाहिले, जाणवण्याइतके हलले नाही. पाती कडेला घासल्याची खूण नाही, तेलाचे थारोळे नाही. मामा म्हणाले, "टर्बो खरंच जातो तेव्हा दांडा खुळखुळतो, पाती घासतात, निळा धूर येतो, सायरनसारखा आवाज येतो. यातलं इथे काहीच नाही."

माझ्या डोळ्यांपुढे पतपेढीचा अर्धा भरलेला फॉर्म आला.

आता राहिले होज पाइप. टर्बोजवळच्या जोडावर तेलकट धूळ बसली होती. हवेबरोबर थोडी तेलाची वाफ जातच असते. जिथून हवा निसटते तिथे ती बाहेर पडून धूळ धरते. तिथली क्लिप ढिली निघाली. पुतण्याने ती आवळली आणि ओरडला, "सापडलं!" लगेच पुलावर जाऊन आलो. आकडा 155.

त्याचा चेहरा उतरला. पण मला या ठिकाणी ऑफिस आठवले. तेरीज नऊशेने जुळत नसताना दोनशेची एक चूक सापडली, तर वही मिटून घरी जायचे नसते. सापडलेली चूक खरीच असते. पण सातशे अजून बाकी असतात. मी त्याला तेच सांगितले. मामा हसले. "बरोबर. अजून एक भोक आहे, आणि ते मोठं आहे."

मग त्यांनी जी युक्ती केली ती लिहून ठेवण्यासारखी आहे. नळकामाच्या दुकानातून पी. व्ही. सी. पाइपचे जाड झाकण आणले, त्याला भोक पाडून जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला आणि ते झाकण टर्बोच्या तोंडाला क्लिपने घट्ट बांधले. टायरमध्ये हवा भरायच्या पंपाने त्यातून हवा भरायची. इंजिन बंद. दाब अर्ध्या बारच्या वर, म्हणजे साधारण सात पौंडांच्या वर जाऊ द्यायचा नाही; जास्त भरला तर इंजिनाची सीलं जातात, आणि झाकण उडून तोंडावर येऊ शकते. मग वहिनींनी बादलीत साबणाचे पाणी करून दिले आणि पुतण्या ब्रशने प्रत्येक पाइपला, प्रत्येक जोडाला ते लावत गेला.

वरून काहीच दिसले नाही. खालचे प्लास्टिकचे आवरण काढून तो गाडीखाली शिरला. मिनिटभराने आतून आवाज आला, "मामा, फेस येतोय!"

इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणारा होज एका लोखंडी पट्टीला घासत होता. नेमका खालच्या अंगाला, डोळ्यांआड, बोटभर लांबीची चीर. हाताने चाचपली तर मिटलेली, जणू काही नाहीच. आतून दाब आला की पाइप फुगायचा आणि चीर तोंडासारखी उघडायची. उभ्या गाडीत, नुसत्या सुरू इंजिनावर दाब नसतोच, म्हणून गॅरेजमध्ये काही दिसले नाही. घाटात सात माणसे घेऊन चढताना पूर्ण दाब यायचा, हवा फुस्सकन निसटायची, इंजिन घाबरून स्वतःची ताकद कमी करून घ्यायचे आणि पिवळी लाइट लावायचे. चावी बंद करून सुरू केली की ते पुन्हा नव्याने प्रयत्न करायचे. पण पुढच्या चढावर पुन्हा तेच.

नवा होज 2150 रुपयांना मिळाला, दोन क्लिपा 180 ला. एकूण 2330. मामांनी मजुरी घेतली नाही. वहिनींच्या हातची भाकरी आणि सुकटीची चटणी घेतली. पट्टीला रबराचा तुकडा बांधला, नाहीतर नवा होजही वर्षभरात तसाच चिरला असता. मग कोड पुसला आणि पुलावर गेलो. 208. पोराने गाडी बाजूला लावली आणि स्टिअरिंगवर डोके टेकवून बसला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मला त्या गॅरेजवाल्याला चोर म्हणायचे नाही. त्याने कदाचित फसवलेही नसेल. त्याने घाई केली. पण त्याच्या घाईची किंमत आमच्या घरातल्या पाटल्या होत्या. आणि नवा टर्बो बसवला असता तरी चीर तिथेच राहिली असती, घाटात गाडी पुन्हा बसली असती. तेव्हा आम्ही कोणाकडे पाहिले असते?

उलटी चूकही करू नये. "चालतेय तोवर चालवू" म्हणून फाटक्या होजवर गाडी दामटत राहिलो, तर कमी पडलेली हवा भरून काढायला टर्बो जास्त जोरात फिरतो, जास्त तापतो, आणि मग चांगला टर्बो खरोखरच जातो. तसा तो गेलाच, तर नवा बसवण्याआधी जुना का गेला ते शोधले पाहिजे. बहुतेक वेळा कारण तेल असते. तेल वेळेवर बदललेले नसते किंवा टर्बोला तेल नेणारी बारीक नळी काजळीने तुंबलेली असते. ती नळी साफ न करता नवा टर्बो बसवला, तर तोही कोरडा फिरून जातो.

आपल्या घरांतली कितीतरी मुले आज टॅक्सी, टेम्पो, टुरिस्ट गाड्या चालवतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. कोणी "टर्बो गेला" म्हटले, तर "काय तपासले?" असे शांतपणे विचारा. दाब किती हवा होता आणि किती आला, ते आकडे मागा. होजची दाबाखाली चाचणी केली का, दांडा हलवून पाहिला का, ॲक्चुएटरची नळी पाहिली का, हे विचारा. चांगला मिस्त्री या प्रश्नांवर रागावत नाही. तो तुम्हाला गाडीखाली नेऊन दाखवतो. आणि स्वतः तपासताना इंजिन गार होऊ द्या. चालू इंजिनात टर्बोचे तोंड उघडे ठेवून जवळ हात नेऊ नका. ती पाती बोटे ठेवत नाहीत. लांबची चढण चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. मिनिट-दोन मिनिटे नुसती चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहते.

पंधरा दिवसांनी पुतण्या पुन्हा सात माणसे घेऊन शिर्डीला निघाला. मी ऑफिसात होतो, पण लक्ष कसारा घाटातच. साडेअकराला इगतपुरीहून फोन आला. आवाज घाबरलेला. "काका, चढली मस्त. पण आता इथे चहाला थांबलोय, इंजिन बंद आहे, नुसती चावी फिरवली तर 94 दाखवतंय. आपल्याकडे 100 होतं. परत गळती झाली का?"

मी मामांना फोन लावला. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "अरे, इगतपुरी सहाशे मीटर उंचीवर आहे. तिथली हवाच पातळ. इंजिन बंद असताना कसली गळती? सेन्सर डोंगर मोजतोय, त्याला म्हणावं शाबास!"

मी पुतण्याला ते कळवले आणि सांगितले, "वहीत लिहून ठेव." आता त्याच्या गाडीत एक शंभर पानी वही असते. तारीख, किलोमीटर, चावीवरचा दाब, चढावरचा दाब, असे चार रकाने मीच आखून दिले आहेत. महिन्यातून एका रविवारी तो आकडे भरतो. परवा दादा ती वही चष्मा लावून चाळत बसले होते. पोराला काही म्हणाले नाहीत. फक्त शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "या महिन्याचं का भरलं नाहीस?"